रबर शीट घ्यायला निघालात? आधी हे ठरवा, मग दुकानात जा

"तीन एमएमची काळी शीट द्या दोन मीटर" असं म्हटलं की दुकानदार रोल उलगडतो, कापतो, वजन करतो आणि देतो, त्यात त्याची काही चूक नाही, तुम्ही मागितली तीच त्याने दिली. गडबड अशी आहे की रबराच्या जाती वेगवेगळ्या, पण एसबीआर पण काळी, नायट्राइल पण काळी, निओप्रिन काळी, ईपीडीएम पण काळीच, कारण सगळ्यांत मजबुतीसाठी कार्बन ब्लॅक घातलेला असतो. नुसतं बघून भल्याभल्यांना ओळखू येत नाही. मग तेलाच्या लाईनवर एसबीआरचं पॅकिंग (जोडातून गळू नये म्हणून मधे दाबून बसवायची रबराची चकती) बसतं, आठ दिवसांत फुगून बाहेर येतं, आणि फिटर म्हणतो शीटच डुप्लिकेट होती. डुप्लिकेट वगैरे काही नसते भो, चुकीच्या जागी लावलेली असते.

आपल्याकडे जळगाव एमआयडीसी, धुळ्याची अवधान एमआयडीसी, भुसावळ, शिरपूर, दोंडाईचा, कुठेही जा, ऑइल मिल, डाळ मिल, जिनिंग, पाइपचे कारखाने, साखर कारखाने, दूध प्लांट, सगळीकडे रबर शीट लागते. म्हणून पहिल्यापासून, क्रमाने सांगतो.

पहिलं काम: कागदावर लिहा

दुकानात जायच्या आधी एवढं लिहून काढा. शीटला काय लागणार आहे, म्हणजे पाणी, तेल, डिझेल, अ‍ॅसिड, वाफ, का नुसती हवा. ते किती गरम असणार. प्रेशर किती. जागा उन्हात आहे का शेडमध्ये. शीट नुसती दाबून बसणार आहे का तिच्यावरून माल घासत जाणार आहे. आणि खाण्याच्या वस्तूला लागणार आहे का.

गरम किती हे लिहिताना लोक आतल्या द्रवाचं तापमान लिहितात आणि बाहेरचं विसरतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळला ४५ च्या वर पारा जातो तो सावलीतला, पत्र्यावर किंवा उघड्या टाकीच्या झाकणावर टाकलेली काळी शीट उन्हात ६५-७० ला सहज जाते. रबराला उष्णता म्हणजे म्हातारपण, आणि मोटामोटी हिशोब असा धरतात की दर १० अंश वाढले की आयुष्य निम्मं. त्यामुळे कॅटलॉगमध्ये "७० पर्यंत चालेल" लिहिलेलं रबर आपल्याकडे उघड्यावर लावलं तर ते रोज दुपारी आपल्या शेवटच्या मर्यादेवर उभं असतं.

दुसरं: कोणतं रबर

एसबीआर. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त खपणारं. स्टायरिन आणि ब्युटाडाइनपासून बनतं. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ला जपानने मलाया घेतलं आणि अमेरिकेचा नैसर्गिक रबराचा पुरवठा तुटला, तेव्हा ह्याच रबराचे कारखाने धडाधड उभे राहिले. भारतात पहिला कारखाना बरेलीला १९६३ च्या सुमारास आला, आणि आज आपली तापी जिथे समुद्राला मिळते त्या हजिऱ्याला रिलायन्स एसबीआर बनवते. थंड पाणी, हवा, फ्लोअरिंग, मशीनखाली पॅड, ट्रॉलीच्या फाळक्याला लावायची पट्टी, ह्या सगळ्याला बिनधास्त वापरा. तेल, डिझेल, ग्रीस नको. कायम ऊन पण नको, दोन उन्हाळ्यांत बारीक भेगा दिसायला लागतात. तापमान ७० पर्यंत.

नायट्राइल म्हणजे एनबीआर, आपल्या भागासाठी खरं कामाचं रबर हेच. सरकीचं तेल, शेंगदाणा, सोयाबीन, डिझेल, हायड्रॉलिक ऑइल, ग्रीस, सगळ्याला टिकतं, सॉल्व्हंट प्लांटमधल्या हेक्झेनला सुद्धा. साधारण १०० अंशापर्यंत चालतं. ह्यात अ‍ॅक्रिलोनायट्राइल नावाचा घटक असतो, तो १८ टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो, जितका जास्त तितका तेलाला जास्त दम, पण तितकंच थंडीत कडक. आपल्याकडे थंडीचा प्रश्न नाही, तोरणमाळला पण रबर कडक होईल इतकी थंडी पडत नाही, म्हणून तेलासाठी जास्त टक्क्याचं मागायला हरकत नाही. बाजारात "कमर्शियल नायट्राइल" नावाने जी शीट मिळते तिच्यात बऱ्याचदा एसबीआर मिसळलेलं असतं, ते कसं पकडायचं ते खाली सांगतो. नायट्राइलचे दोन वैरी लक्षात ठेवा, एक ऊन आणि ओझोन, दुसरा अ‍ॅसिटोन, एमईके, थिनर सारखे सॉल्व्हंट.

ईपीडीएम. नायट्राइलच्या बरोबर उलटं. ऊन, पाऊस, ओझोन, गरम पाणी, सौम्य अ‍ॅसिड, अल्कली, कॉस्टिक ह्यांना दणकट, पण खनिज तेल लागलं की संपलं, स्पंजासारखं फुगतं. सल्फरने पकवलेलं (म्हणजे कच्चं रबर गरम करून पक्कं केलेलं) ईपीडीएम १२० पर्यंत आणि पेरॉक्साइडने पकवलेलं १५० पर्यंत घेतात, विकत घेताना हे विचारा, कारण दोघांच्या किमतीत आणि आयुष्यात चांगलाच फरक आहे. उघड्यावर, छतावर, पाण्याच्या टाकीला, सोलर वॉटर हीटरला काही लावायचं असेल तर दुसरा विचारच करू नका.

निओप्रिन, म्हणजे क्लोरोप्रिन. १९३० ला ड्युपाँटच्या लॅबमध्ये सापडलं, पुढच्याच वर्षी बाजारात आलं. हे मधलं आहे, तेलाला बऱ्यापैकी, उन्हाला बऱ्यापैकी, तापमान १०० च्या आत, आणि अंगात क्लोरीन असल्यामुळे जाळ लागला तरी ज्योत काढल्यावर आपोआप विझतं. उघड्यावरच्या मशीनला जिथे तेलाचे शिंतोडे पण उडतात आणि ऊन पण लागतं तिथे हेच लावायचं. माझ्या मते लोक निओप्रिन गरज नसताना जास्त वापरतात, नाव ऐकायला भारी वाटतं म्हणून.

सिलिकॉन उणे ६० पासून २०० च्या वर चालतं, फूड ग्रेड मिळतं, पण ओढलं की पटकन फाटतं, जिथे घासाघीस आहे तिथे लावू नका, आणि प्रेशरच्या वाफेत पण खराब होतं. व्हायटॉन १९५७ पासून बाजारात आहे, २०० अंशाला गरम तेलात टिकतं, फार महाग, जिथे दुसरं काही टिकतच नाही तिथेच. ब्युटाइल हवा धरून ठेवण्यासाठी, ट्यूबचं रबर ते हेच.

वरची सगळी रबरं सिंथेटिक, म्हणजे कारखान्यात केमिकलपासून बनवलेली. नैसर्गिक रबर हे सिंथेटिक नाही, पण त्याचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण ओल्या मालाच्या घासण्याला आजही त्याला तोड नाही. पाण्यात मिसळलेली राख, वाळू, गाळ वाहून नेणाऱ्या पंपाला आतून मऊ नैसर्गिक रबराचं अस्तर असतं, कण आपटतो आणि उडून जातो, रबराला खरवडत नाही. महाग सिंथेटिक म्हणजे प्रत्येक ठिकाणी चांगलं असं नाही.

तिसरं: कडकपणा, जाडी आणि किलोचा हिशोब

कडकपणा शोअर ए मध्ये मोजतात. ४० म्हणजे मऊ, बोटाने दाबतं. ६० ते ७० ही सर्वसाधारण शीट, बाजारात हीच जास्त. ८०-९० म्हणजे कडक. पाच पॉइंट इकडे तिकडे चालतात, ६५ मागितली आणि ६१ निघाली तर भांडायला जाऊ नका. फ्लँज (पाइपाच्या टोकाची बोल्टने जोडायची गोल चकती) जुनी आहे, तोंड खडबडीत आहे, बोल्ट कमी आहेत, तर मऊ घ्या म्हणजे खाचखळग्यात भरेल. प्रेशर जास्त असेल तर कडक, नाहीतर शीट फ्लँजमधून बाहेर पिचकते.

जाडी. "जाड लावली की लीक नाही होणार" हा जो समज आहे ना तो आधी काढा. उलट असतं. रबर दाबल्यावर त्याचं आकारमान कमी होत नाही, ते बाजूला पसरतं, त्यामुळे जितकं जाड तितकं बाजूला पळायला जास्त वाव, प्रेशर पण तेवढ्या मोठ्या कडेवर ढकलतं. चांगल्या मशीन केलेल्या फ्लँजला दीड-दोन एमएम पुरते, साध्या पाण्याच्या लाईनला तीन, आणि वाकड्यातिकड्या जुन्या झाकणाला पाच-सहा. प्रेशर वाढलं की जाडी नका वाढवू, इन्सर्शन शीट घ्या, म्हणजे जिच्या पोटात कापडाचा थर असतो, कापड रबराला पसरू देत नाही.

आता पैशाचं. रबर शीट किलोवर विकतात आणि इथेच माणूस फसतो. शीटमध्ये रबर सोडून चुनखडीची पूड, चायना क्ले असं फिलर घातलेलं असतं, ते रबरापेक्षा खूप स्वस्त आणि खूप जड. त्यामुळे जितकी शीट हलक्या दर्जाची तितकी ती वजनाला भारी. वजन काढायचं सूत्र सोपं आहे: लांबी मीटरमध्ये, गुणिले रुंदी मीटरमध्ये, गुणिले जाडी एमएममध्ये, गुणिले विशिष्ट गुरुत्व (म्हणजे पाण्याच्या किती पट जड), उत्तर किलोत येतं.

समजा १ मीटर रुंद, १० मीटर लांब, ३ एमएम रोल घ्यायचाय. एका दुकानात ११० रुपये किलो, दुसऱ्यात १४०. पहिल्याचं गुरुत्व १.७ निघालं तर रोल ५१ किलोचा, बिल ५,६१०. दुसऱ्याचं १.३ असेल तर रोल ३९ किलो, बिल ५,४६०. दर फक्त हिशोबापुरते धरलेत, पण मुद्दा कळला असेल, ज्याचा किलोचा भाव जास्त होता त्याचाच रोल स्वस्त पडला, वर त्यात रबर पण जास्त. म्हणून भाव नेहमी रोलचा किंवा चौरस मीटरचा विचारा, नुसता किलोचा नाही. कच्च्या रबराचं गुरुत्व सांगायचं तर ईपीडीएम ०.८६, एसबीआर ०.९४, नायट्राइल १ च्या जवळ, निओप्रिन १.२३, आणि व्हायटॉन १.८. म्हणजे व्हायटॉन जन्मतःच जड आहे, त्याला जड म्हणून नावं ठेवू नका, पण १.७ ची एसबीआर शीट म्हणजे निम्म्याहून जास्त माती विकत घेतली असंच समजा.

गुरुत्व घरच्या घरी निघतं. सोनाराचा असतो तसला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या, त्याला खाली लटकवायचा हुक असला की झालं. रबराचा तुकडा हवेत तोला, मग दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवून लटकता तोला, बुडबुडे चिकटलेले असतील तर बोटाने झटका. हवेत ३४ ग्रॅम आणि पाण्यात १० ग्रॅम भरला, तर ३४ ला फरकाने म्हणजे २४ ने भागा, १.४२ आलं. एवढं काम दोन मिनिटांचं आहे.

चौथं: घेण्याआधी सॅम्पल तपासा

रोल घ्यायच्या आधी एक वीतभर पट्टी मागा, चांगला दुकानदार देतो. आधी तिची घडी घाला, बोटांनी गच्च दाबा आणि घडीच्या कडेकडे बघा. पांढरट रेष उमटली किंवा बारीक तडे दिसले तर फिलर जास्त आहे. नखाने कड ओरखडा, पावडर निघाली तर तेच.

तेलासाठी घेत असाल तर ही चाचणी चुकवू नका. पट्टीचे दोन सारखे तुकडे करा, एकाची जाडी व्हर्नियरने मोजून लिहा, आणि तुमच्याकडे प्रत्यक्षात जे तेल आहे त्यातच, स्टीलच्या वाटीत बुडवून झाकण ठेवा. सरकीचं असेल तर सरकीचं, डिझेल असेल तर डिझेल. तीन दिवसांनी काढा, पुसा, मोजा. खरं नायट्राइल जवळजवळ तसंच असतं, थोडंसं वाढेल. भेसळ असेल तर तुकडा दुसऱ्या कोरड्या तुकड्याशेजारी ठेवल्यावर लगेच दिसतं, लांबीला पण वाढलेला, कडा वळलेल्या, हाताला लिबलिबीत, आणि फडक्याने पुसला की फडकं काळं. डिझेलमध्ये हे खाण्याच्या तेलापेक्षा लवकर दिसतं.

निओप्रिन खरं आहे का हे बघायला तांब्याची तार लागते. तार गॅसच्या ज्योतीत लाल करा, ज्योतीला रंग यायचा बंद झाला की ती रबराला टेकवा, थोडं चिकटू द्या आणि परत ज्योतीत धरा. हिरवी ज्योत आली म्हणजे क्लोरीन आहे. पीव्हीसी पण हिरवी ज्योत देतं, पण पीव्हीसी आणि रबर हाताला वेगळं कळतंच. सिलिकॉन जाळलं की पांढरी राख उरते, बाकी सगळे काळा धूर काढतात. व्हायटॉन मात्र अजिबात जाळून बघू नका, त्याच्या धुरात फ्लोरीनचं जहाल अ‍ॅसिड असतं, गंमत नाही. आणि कोणतीही जाळायची चाचणी बाहेर मोकळ्यावर, चिमट्यात धरून.

मोठी ऑर्डर असेल तर टेस्ट सर्टिफिकेट मागा. भारतात व्हल्कनाइज्ड, म्हणजे पकवलेल्या, रबराच्या चाचण्या आयएस (भारतीय मानक) ३४०० प्रमाणे होतात. त्यात सगळे आकडे वाचायची गरज नाही, पॅकिंगसाठी कॉम्प्रेशन सेट बघा, म्हणजे रबर दाबून गरम ठेवलं आणि सोडलं तर किती परत फुलत नाही. हा आकडा जितका कमी तितकं पॅकिंग जास्त दिवस घट्ट राहणार. टेन्साइल (ओढल्यावर तुटेपर्यंतची ताकद) भरपूर पण कॉम्प्रेशन सेट खराब अशी शीट पॅकिंगला काही कामाची नाही.

पाचवं: कापणे आणि बसवणे

फ्लँजवर शीट ठेवून हातोडीच्या गोल तोंडाने ठोकून छाप घ्यायची सवय सोडा, कड कापली जाते आणि फ्लँजचं तोंड पण खराब होतं. पुठ्ठ्यावर माप घ्या, तो शीटवर ठेवून खडूने आखा. होल पाडायला पंच वापरा आणि खाली लाकडाचा ओंडका उभा, कापलेलं तोंड वर करून ठेवा, लोखंडावर मारलं की पंचची धार जाते. होल बोल्टपेक्षा दीड-दोन एमएम मोठं. ब्लेडला साबणाचं पाणी लावत कापलं तर सरळ जातं, एकाच झटक्यात कापायला बघू नका, दोन-तीन हात मारा. आतलं भोक पाइपाच्या भोकापेक्षा लहान राहता कामा नये, आत आलेली कड प्रवाहात फडफडते आणि तुकडे पडून पुढच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतात.

बसवताना जुनं पॅकिंग पूर्ण खरवडा. सिलिकॉन पेस्ट, ग्रीस, ऑइल पेंट असलं काही लावू नका, विशेषतः ईपीडीएमला ग्रीस लावणं म्हणजे स्वतःच्या हाताने मारणं. वंगण लागलंच तर साबणाचं पाणी. बोल्ट समोरासमोर आवळा, एक हा, मग त्याच्या समोरचा, आणि एकदम गच्च नाही, तीन फेऱ्यांत. शीट मूळ जाडीच्या पाव हिश्शाने दबली, म्हणजे पाऊण जाडी उरली, की थांबा. पान्ह्यावर पाइप घालून आवळणारे जे पैलवान आहेत त्यांना त्या दिवशी सुट्टी द्या. दुसऱ्या दिवशी लाईन बंद आणि थंड असताना बोल्टांवर पान्ह्याचा एकदा हात मारा, रबर थोडं बसतंच.

वाफेबद्दल एक वेगळं. बॉयलरची ७ किलो प्रेशरची वाफ १७० अंशाच्या आसपास असते. ईपीडीएम तिथे टिकणार नाही, सिलिकॉन पण नाही. तिथे रबर शीट हा विषयच नाही, ग्रॅफाइट किंवा वाफेसाठीची नॉन-अ‍ॅस्बेस्टॉस शीट लावा. पॅकिंग उडालं तर समोरच्या माणसाला भाजतं.

आपल्याकडे कुठे काय

ऑइल मिलमध्ये, फिल्टर प्रेस, पंप, टाकीचं झाकण, सगळं नायट्राइल, आणि खाण्याचं तेल आहे म्हणून पांढरी फूड ग्रेड नायट्राइल.

डाळ मिलमध्ये जिथे डाळ घसरत जाते त्या च्यूटला काळी शीट लावू नका, घासून काळी पूड डाळीत उतरते आणि पॉलिश केलेल्या डाळीवर ती लगेच दिसते. पांढरी फूड ग्रेड घ्या, आणि तुरीला तेल लावून मुरत ठेवतात त्या भागात तीच नायट्राइलची. मिरची कांडप आणि मसाल्याला पण हाच नियम, नंदुरबार-दोंडाईच्याकडच्या लोकांनी लक्षात ठेवा, मिरचीत स्वतःचं तेल असतं.

साखर कारखान्यात रस १०० अंशाच्या वर गरम होतो, तिथे ईपीडीएम, पेरॉक्साइडने पकवलेलं असेल तर उत्तम. दूध प्लांटला कॉस्टिक आणि अ‍ॅसिडने धुणं चालतं, म्हणून फूड ग्रेड ईपीडीएम, पण लोणी-तुपाच्या लाईनवर नायट्राइल. केळी पिकवायच्या चेंबरच्या आणि कोल्ड स्टोरेजच्या दाराला ईपीडीएमची पट्टी. ड्रिपच्या फिल्टरला, पाण्याच्या लाईनला, खत सोडायच्या टाकीला पण ईपीडीएम, फक्त ऑइल इंजिनाचं डिझेल तिच्यावर सांडू देऊ नका.

दीपनगरसारख्या औष्णिक केंद्रात कोळशाच्या बेल्टच्या कडेला जी स्कर्ट रबर लागते तिला घासणं जास्त, तेल नाही, तिथे नैसर्गिक आणि एसबीआर मिश्रण चांगलं.

इलेक्ट्रिक पॅनलसमोर टाकायच्या मॅटबद्दल मात्र गमतीत घेऊ नका. बरेच जण साधी काळी शीट टाकून "इन्सुलेशन झालं" म्हणतात. कार्बन ब्लॅक वीज वाहतो, त्यामुळे साधी काळी शीट इन्सुलेशन देईल याची काहीच खात्री नाही. आयएस १५६५२ ची मॅट घ्या: ३.३ केव्हीपर्यंत (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) २ एमएमची क्लास ए, ११ केव्हीला अडीच एमएमची क्लास बी, ३३ केव्हीला ३ एमएमची क्लास सी. मॅटवरच स्टँडर्ड आणि क्लास छापलेला असतो, नसेल तर घेऊ नका.

उरलेला रोल कसा ठेवायचा

रोल उन्हात, पत्र्याला टेकून किंवा खिळ्याला लटकवून ठेवू नका. घडी तर मुळीच नाही, घडीच्या रेषेवरच पहिली भेग पडते. वेल्डिंगच्या जागेपासून आणि ठिणग्या मारणाऱ्या मोटरपासून लांब, तिथे ओझोन तयार होतो आणि नायट्राइल-एसबीआर त्याने तडकतात. २५ अंशाच्या आत ठेवा असं स्टँडर्ड म्हणतं, ते आपल्याकडे एसीशिवाय होणार नाही, पण निदान पत्र्याच्या शेडपेक्षा स्लॅबच्या खोलीत, काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, आडवा ठेवा. नीट ठेवलेलं असेल तर नैसर्गिक आणि एसबीआर साधारण ५ वर्षं, नायट्राइल आणि निओप्रिन ७, ईपीडीएम, सिलिकॉन, व्हायटॉन १० वर्षं धरतात, आपल्या उन्हाळ्याचा विचार करून त्यातून थोडं कमीच धरा. रोलच्या टोकाला पांढऱ्या मार्करने रबराचं नाव, जाडी आणि घेतल्याचा महिना लिहा, आणि कापताना नेहमी दुसऱ्या टोकाकडून कापा म्हणजे नाव शेवटपर्यंत राहतं.